तीन हजारांचे जेवण, तीन रुपयांच्या कण्या



मागच्या तालुका बैठकीत एका तरुण कार्यकर्त्याने मला भर सभेत उभे केले. हातात मोबाईल, मोबाईलवर माझा फोटो. लोअर परळच्या एका झकपक हॉटेलात मी जेवायला बसलो आहे. तो म्हणाला, "भाऊ, इकडं कापसाला भाव नाही म्हणून आम्ही रस्त्यावर बसायचं, आणि तुम्ही मुंबईत तीन हजारांचं जेवण जेवायचं. हे कसं काय?"

प्रश्न रास्त होता. दोन वाक्यांत उत्तर देऊन वेळ मारून नेली असती, तर तो तुमच्या मनात सलत राहिला असता. म्हणून तिथेच शब्द दिला, की जिल्हा बैठकीच्या अंकात हिशेबासकट उत्तर देतो. ते उत्तर हे.

प्रथम कबुली. मी जेवलो, पोटभर जेवलो आणि जेवण मला मनापासून आवडले. परभणीच्या कृषी महाविद्यालयातला माझा एक वर्गमित्र वीस वर्षांपासून मुंबईत नोकरी करतो. त्याच्या मुलीला डॉक्टरीला प्रवेश मिळाला, त्या आनंदात त्याने बोलावले. बिलही त्यानेच दिले. पण "बिल मी दिले नाही" ही पळवाट मला नको. खिशात असते तर मीही दिले असते.

जागा कोणती होती

जेवण होते एका जुन्या कापड गिरणीच्या आवारात. ज्यांनी लालबाग-परळ पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईतली पहिली सूत गिरणी काढली, ती ताडदेवला. पुढे भायखळा, लालबाग, परळ, वरळी हा सगळा पट्टा गिरणगाव झाला. आपल्या वऱ्हाडातला, खानदेशातला, मराठवाड्यातला कापूस गाठी बांधून तिथे जाई आणि कापड होऊन परत आपल्याच बाजारात येई. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. त्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. १९९१ साली विकास नियमावली बदलली, गिरण्यांच्या जमिनी बांधकामाला मोकळ्या होऊ लागल्या. आज फिनिक्स मिलची चिमणी उभी आहे, पण तिच्या पायथ्याशी मॉल आहे. कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आणि हॉटेले आहेत. २०१५ साली तिथे 'बॉम्बे कॅन्टीन' निघाले. परदेशी पदार्थांऐवजी आपल्याच मुलखातले धान्य, भाज्या आणि पदार्थ नव्या रूपात वाढायचे, ही त्यांची रीत. तशी हॉटेले मग बरीच निघाली. आम्ही जेवलो ते त्याच पठडीतले.

टेबलावर कडक इस्त्रीचा सुती रुमाल होता. तो मांडीवर पसरला आणि सवयीने बोटांनी धागा चाचपला. मग एकेक पदार्थ येऊ लागला. तळलेला बोंबील, अंबाडीची भाजी, वांग्याचे भरीत, प्रत्येक चार-चार घास. वाढणारा पोरगा प्रत्येकाचे नाव, गाव आणि कृती अदबीने सांगे. आणि मग एका वाटीत ताकातल्या कण्या आल्या. वर लसणाची फोडणी आणि तळलेली मिरची. कार्डावर इंग्रजीत लिहिले होते, सोलापूरची पारंपरिक ज्वारी. म्हणजे आपली मालदांडी.

आमच्या घरात कण्या पाहुण्यापुढे कधी ठेवल्या गेल्या नाहीत. कणगीतली ज्वारी तळाला गेली, की आजी जात्यावर मूठ-दोन मुठी जाडसर भरडून ताकात शिजवी. भाकरीपेक्षा कमी दाण्यांत सगळ्यांची पोटे भरत. १९७२ च्या दुष्काळाच्या तिच्या गोष्टींत रेशनची तांबडी मिलो असे आणि या कण्या असत. जेवताना कुणी दारात आले, तर वडील पातेल्यावर झाकण ठेवत.

त्याच कण्या शेजारच्या टेबलावरच्या माणसांनी दुसऱ्यांदा मागवल्या. मला राग आला नाही. बरे वाटले. ज्या अन्नाची आपण लाज बाळगली, ते कुणीतरी दाम मोजून मागून खात होते.

आता हिशेब

माणशी बिल ३,००० रुपये. त्यावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे १५० रुपये. वाटीतल्या कण्या माझ्या अंदाजाने ७५ ग्रॅम ज्वारीच्या. २०२५-२६ चा मालदांडीचा हमीभाव क्विंटलला ३,७४९ रुपये. बाजारात तो हाती पडेलच असे नाही, पण हिशेबाला तोच धरू. कण्यांतल्या ज्वारीची किंमत झाली २ रुपये ८१ पैसे.

रुमाल साठेक ग्रॅमचा. रुईचा उतारा ३४ टक्के आणि सूतकताई-विणाईतली घट धरली, तर त्याला सव्वादोनशे ग्रॅम कापूस लागला असेल. लांब धाग्याच्या ८,११० रुपये हमीभावाने त्याचे १८ रुपये. रुमाल शंभर वेळा धुऊन वापरला असे धरा, म्हणजे एका जेवणामागे १८ पैसे.

कापूस आणि ज्वारी, आपली दोन्ही पिके मिळून त्या टेबलावर २ रुपये ९९ पैसे. तीन हजारांत तीन रुपये. आणि सरकारने त्याच जेवणावर घेतलेल्या १५० रुपये करात चार किलो मालदांडी येते.

बाकीचे पैसे कुठे गेले? भाजी, मासे, तूप यांना थोडे. स्वयंपाक्याच्या कसबाला, वाढणाऱ्यांच्या पगाराला, मालकाच्या नफ्याला, आणि मोठा वाटा त्या जमिनीच्या भाड्याला. यात आचाऱ्याने आपले काही चोरले नाही. आपण घामाचे दाम मागतो, त्याच्या घामाचे दाम त्याला नाकारता येणार नाही. तिथे जेवणारा माणूसही आपला शत्रू नाही. उलट तोच आपला साक्षीदार आहे. ज्वारीचा भाव उद्या दुप्पट झाला, तर त्याचे बिल ३,००० चे ३,००३ होईल. त्या तीन रुपयांपायी एकही गिऱ्हाईक उठून जाणार नाही.

मग आपल्या मालाला जरा भाव आला, की महागाईची ओरड कुणाच्या नावाने होते? गरीब गिऱ्हाइकाच्या नावाने. ही ओरड कुठून सुरू झाली ते समजून घ्यायचे, तर परत गिरणीतच जावे लागते.

गिरणीला स्वस्त भाकर हवी होती

मुंबईच्या गिरणी कामगाराचा महागाई भत्ता राहणीमानाच्या निर्देशांकाला जोडलेला होता. धान्य महागले की निर्देशांक वाढे आणि मालकाला भत्ता जास्त द्यावा लागे. म्हणजे मालकाला दोन गोष्टी स्वस्त हव्या होत्या. यंत्रात घालायला कापूस, आणि कामगाराच्या पोटात घालायला धान्य. दोन्ही पिकवणारे आपण. लेव्हीची ज्वारी म्हातारी माणसे अजून विसरलेली नाहीत. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी आली. नाव शेतकऱ्याच्या संरक्षणाचे, पण आपला कापूस राज्याबाहेर नेऊन विकायची बंदी आपल्यालाच होती. कामगाराला वाटे, शेतकरी भाव वाढवून मागतो म्हणून आपली भाकर महागते. शेतकऱ्याला वाटे, कामगाराच्या लाडापायी आपला माल लुटला जातो. आणि कामगार कोण होता? कोकणातला, घाटावरचा, आपलाच भाऊ.

त्या भावाला जेवू घालणाऱ्या बायकांचीही आठवण ठेवली पाहिजे. गिरणगावात एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी चाळीतल्या एका खोलीत खानावळ चाले. बाई पहाटे उठून पंचवीस-तीस माणसांच्या भाकऱ्या थापी. वाण्याचे देणे आणि सावकाराचे व्याज तिच्या डोक्यावर. कामगारांचे पैसे मात्र पगार झाल्यावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांच्यापर्यंत आणले. धान्य तेच, भाकर तीच, हातही तेच. व्याजाचा फास सुटला तेव्हा त्या भाकरीतला पैसा बाईच्या हाताला लागू लागला.

आज ती गिरणी नाही, तो भत्ता नाही. पण कच्चा माल स्वस्त ठेवायची सरकारची खोड गेलेली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये, आपली बोंडे अजून फुटायची होती तेव्हा, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले. म्हणजे वेचणीचे ऐन दिवस त्यात आले. कारण सांगितले कापड उद्योगाचे. कारण कामगाराचे असो की उद्योगाचे, झळ बसते ती आपल्याला.

गरिबाला धान्य महाग पडू नये, हे मला मान्य आहे. लालबागच्या चाळीतल्या घराला ज्वारी दहा रुपयांनी वाढली तर फरक पडतो. पण त्याला स्वस्त धान्य देण्याचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याने आपला भाव सोडून का सोसावा? तो सरकारी तिजोरीतून व्हावा. त्या १५० रुपयांतून व्हावा. तीन हजारांचे जेवण जेवणाऱ्याने कर भरलेला आहे, चाळीतल्या घराचा आधार त्यातून द्या. आयजीच्या जिवावर बायजी उदार, हे आता पुरे.

हॉटेलाच्या मागे लागू नका

काही मित्र म्हणतात, मग आपण थेट अशा हॉटेलांनाच ज्वारी विकू. २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले, ज्वारीला 'श्रीअन्न' म्हणू लागले, तेव्हापासून ही हवा आहे. त्याचाही हिशेब करा. रोज शंभर माणसे, माणशी ७५ ग्रॅम, म्हणजे दिवसाला साडेसात किलो. वर्षाला सत्तावीस क्विंटल. रब्बीच्या कोरडवाहू जमिनीत एकरी चार क्विंटल धरले, तर सात एकर. एका हॉटेलाची वर्षभराची गरज एकटा शेतकरी भागवतो. ज्याला जमेल त्याने जरूर विकावे, पण त्यात जिल्ह्याचा प्रश्न सुटत नाही. खरिपाची ज्वारी जाऊन तिथे सोयाबीन आले, ते ज्वारीला नाव नव्हते म्हणून नव्हे. भाव नव्हता म्हणून.

त्या जेवणातून घ्यायचा धडा वेगळा आहे. शेतातला दाणा भरडला, निवडला, शिजवला आणि नीट वाढला, की प्रत्येक पायरीला पैसा वाढतो. आपण पहिल्या पायरीवरच माल टाकून घरी येतो. म्हणून या जिल्हा बैठकीत तीन गोष्टी ठराव्यात असे मला वाटते.

एक, कापूस वेचणीच्या हंगामात आयात शुल्काला हात लावायचा नाही, ही मागणी एकमुखाने करायची. दोन, प्रत्येक गावाने कापूस आणि ज्वारीचा एकरी खर्च स्वतः लिहून काढायचा, कडब्याच्या उत्पन्नासकट. घरच्या माणसांची, विशेषतः बायकांची मजुरी त्यात धरायची. तीन, प्रत्येक तालुक्यात निदान एका महिला गटाने ज्वारीच्या कण्या, रवा आणि पीठ करून विकायला सुरुवात करायची. गिऱ्हाईक तालुक्याच्या बाजारात आहे, आणि दादर-लालबागच्या साध्या घरांतही आहे. ज्वारीची चव त्यांची अजून गेलेली नाही.

आता त्या तरुण मित्राला शेवटचे उत्तर. उपाशी राहणे हा आपला कार्यक्रम नाही. मी तिथे जेवलो याचा तुला राग आला, तो मी समजू शकतो. पण माझ्यासारखे कोणी तिथे जेवू नये, एवढ्यावर तुझे समाधान होत असेल तर ते फार थोडे आहे. आपल्या लेकीला प्रवेश मिळाला, की कापसाच्या पट्टीचे पैसे घेऊन घरच्यांना अशा जागी जेवायला नेणे तुलाही परवडले पाहिजे. भांडण त्यासाठी आहे.

त्या दिवशी सभा संपल्यावर मागच्या रांगेतली एक आजी माझ्याजवळ आली. तिला बिलाचे काही विचारायचे नव्हते. म्हणाली, "बाबा, कण्या नीट फुटल्या होत्या का? की गोळा झाल्या होत्या?" मी म्हणालो, फुटल्या होत्या, पण ताक कमी आंबट होते. ती म्हणाली, "मग तीन हजार कशाचे घेतले?"

मालदांडी भरडायचा पहिला गट तिच्या गावात काढायचे ठरते आहे. भरड किती जाड ठेवायची ते तीच सांगणार आहे.