पुढे केलेले कपाळ

फाल्गुनी पौर्णिमा जवळ आली की सातपुड्यातील धडगावच्या बाजाराला निराळीच कळा येते. अक्राणी तालुक्याच्या पाड्यापाड्यांवरून ढोल घेऊन माणसे खाली उतरतात. ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली कुटुंबे सणाला घरी परततात. साखरेचे हार-कंगन, दाळ्या, गूळ, नवी वस्त्रे यांची खरेदी होते. होळीपूर्वीचा हा भोंगऱ्या बाजार होय.

भिल्ल आणि पावरा बांधवांच्या या मुलखात घराला घर खेटलेले नसते. ज्याचे त्याचे घर ज्याच्या त्याच्या शेतात, टेकडीच्या उतारावर असते. पण होळीच्या रात्री हीच माणसे ढोलाभोवती एक होतात. शेजारच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीस तर हजारो परकी माणसे रात्रभर एकत्र जागतात आणि पहाटे पेटणाऱ्या होळीचे दर्शन घेतात. एरवी इतक्या दूर राहणारी माणसे अशी निःशंकपणे जवळ येतात. मग जेथे भिंतीला भिंत लागून आहे, त्या मुंबईसारख्या महानगरात याच सणाला अनोळखी माणसाचे भय का वाटावे?

हे भय काल्पनिक नाही. होळीच्या सुमारास लोकलगाड्यांवर पाण्याने भरलेल्या पिशव्या फेकल्या जातात आणि दारात उभ्या असलेल्या प्रवाशांच्या डोळ्यांना इजा होते, हे मुंबईकर वर्षानुवर्षे अनुभवीत आले आहेत. वाटेने जाणाऱ्यांवर रंग उडवू नये, अश्लील शब्द उच्चारू नयेत, यासाठी पोलिसांना 1951 च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचा आधार घेऊन मनाईहुकूम काढावे लागतात. कित्येक लेकीसुना त्या दिवशी घराबाहेर पडणेच टाळतात. भगवद्भक्त प्रल्हादाच्या स्मरणाचा दिवस असा पाळला जावा, ही आम्हां श्रद्धाळूंना खाली मान घालावयास लावणारी गोष्ट नव्हे काय?

यावर कोणी म्हणेल, शहरातला माणूस एरवी दार लावूनच बसतो. वर्षातून एक दिवस तरी हे अंतर मोडावयास नको का? या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. गाडीच्या डब्यात अंगाला अंग घासत उभा असलेला मनुष्य नजर वर्तमानपत्रात किंवा भ्रमणध्वनीत खुपसतो. तो माणुसघाणा असतोच असे नाही. देहाभोवती वीतभर जागा उरली नाही, म्हणून तो मनाभोवतीची जागा राखीत असतो. टेकडीवरच्या माणसाला जी जागा भूमीने दिली, ती नगरातल्या माणसाला शेजाऱ्याने द्यावी लागते.

संस्कृतात 'अंतर' या एकाच शब्दाला 'मधली जागा' आणि 'आतला भाग' असे दोन्ही अर्थ आहेत. मराठीनेही ते दोन्ही जपले. दोन गावांमधले ते अंतर, आणि हृदयात असते तेही अंतर. माणसाभोवतीची मोकळी जागा ही त्याच्या अंतःकरणाचेच अंगण आहे, असे आम्हांस वाटते.

मात्र प्रत्येक अंतर पवित्र असते, असे आमचे म्हणणे नाही. ज्या अंतराने आम्ही आमच्याच बांधवांना शतकानुशतके देवळाबाहेर उभे केले, ते पापच होते. पंढरीच्या विठ्ठलाचे दार सर्वांना खुले व्हावे म्हणून 1947 साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. अस्पृश्यतेने माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दूर लोटले. आजची रंगांची बळजोरी त्याला इच्छेविरुद्ध जवळ ओढते. दोन्हींची तुलना होऊ शकत नाही, परंतु मूळ दोष एकच. समोरच्याची इच्छा कोणी विचारलीच नाही.

होळीच्या शिवीगाळीला शास्त्राचा आधार सांगणारेही भेटतात. भविष्योत्तर पुराणात ढुंढा नामक राक्षसीची कथा आहे. ती बालकांना पीडा देई, आणि मुलांच्या आरड्याओरड्याने तिला पळवून लावावे, असा उपाय सांगितला आहे. तो आरडाओरडा पीडा देणाऱ्या राक्षसीविरुद्ध होता. वाटेने जाणाऱ्या निरपराध स्त्रीला जो पीडा देतो, त्याने या कथेत आपले स्थान कोणते, हे स्वतःच ठरवावे.

भोंगऱ्यालाही बाहेरच्यांनी मुलींच्या पळवापळवीचा बाजार ठरविले. समाजातील जाणत्या मंडळींनी त्यास वारंवार हरकत घेतली आहे. तरीही शहरातून गेलेला पाहुणा न विचारता स्त्रियांसमोर कॅमेरा धरतो. दुसऱ्याच्या अंगणात शिरताना त्याची अनुमती घ्यावी, हे तेथे पाहुण्यानेच शिकावयाचे असते.

कीर्तनाच्या मध्यंतरी आम्ही बुक्का लावून घेतो आणि लावतोही. त्या वेळी शेजारी बसलेला कोण, कुठला, हे कोणी विचारीत नाही. पण बोट पुढे जाण्याआधी समोरचे कपाळ किंचित पुढे येते. जो कपाळ पुढे करीत नाही, त्याला हात जोडून मनुष्य पुढे सरकतो. अनोळखी माणसाशी कसे वागावे, याचा सारा धर्म आम्हांस त्या एका क्षणात दिसतो.

घरोघरच्या वडीलधाऱ्यांना आमची विनंती आहे की, यंदा मुलांच्या हाती पिचकारी देताना एवढे सांगावे: 'आधी विचार, मग रंग लाव.' ज्या शेजाऱ्याचे नावही ठाऊक नाही, त्याच्या दारी पुरणपोळीचे ताट न्यावे. गावी न जाऊ शकलेला एखादा मजूर इमारतीच्या कामावर दिसला, तर 'दादा, तुमच्याकडची होळी कशी असते?' असे आपुलकीने विचारावे. त्याने सांगितले तर ऐकावे; तो गप्प राहिला तर त्याच्या मौनाचाही मान राखावा. कपाळ पुढे आले तर रंग लावावा, नाही तर नमस्कार करावा. नमस्कारालाही प्रभूच्या दारी रंगाइतकेच मोल आहे.