तोंड सांभाळा, बॉस!

कॅन्सरची ट्रीटमेंट म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? गळलेले केस, डोक्याला स्कार्फ आणि उलट्या. हिंदी सिनेमानं आपल्याला एवढंच दाखवलंय. पण केमो घेतलेल्या माणसाला विचारा, जास्त कशानं छळलं? बरेच जण सांगतील, 'तोंड आलं होतं, पाणीसुद्धा गिळवत नव्हतं.'

तुम्ही म्हणाल, तोंड तर आपल्यालाही येतं. दोन जागरणं, वर झणझणीत मिसळ, की झालं! पण हे प्रकरण वेगळं आहे. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. कॅन्सरच्या पेशी तशा, आणि आपल्या तोंडाचं आतलं अस्तरही तसंच. ते एक-दोन आठवड्यांत नवं होत असतं. औषधाला आपलं-परकं कळत नाही. मग साधारण पाच-दहा दिवसांत तोंड लाल होतं, सोलवटतं, जखमा होतात. डॉक्टरांच्या भाषेत म्युकोसायटिस. खाणं बंद, वजन खाली, जखमांतून इन्फेक्शन, आणि कधी कधी पुढचा डोसच लांबणीवर! म्हणजे प्रश्न फक्त दुखण्याचा नाही, ट्रीटमेंट वेळेवर पूर्ण होण्याचा आहे.

गंमत म्हणजे यावरचा एक उपाय तुमच्या फ्रीजमध्ये आहे. बर्फ! फ्लुरोयुरासिल (५-एफयू) हे औषध इंजेक्शननं एकदम देतात, तेव्हा पाच मिनिटं आधीपासून अर्धा तास तोंडात बर्फ घोळवत राहायचं. गारठ्यानं तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी, म्हणून औषधही कमी पोचतं. हे औषध रक्तातून लवकर उतरतं, त्यामुळे अर्धा तास पुरतो. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९९१ मध्येच ट्रायल घेऊन हे दाखवून दिलं. ट्रान्सप्लांटआधीच्या मेल्फालनच्या मोठ्या डोसलाही बर्फ कामी येतो.

पण थांबा, लगेच आइस ट्रे घेऊन धावू नका! तेच ५-एफयू पंपातून दोन दिवस हळूहळू जाणार असेल, तर अर्ध्या तासाचा बर्फ कसा पुरणार? आणि सोबत ऑक्झॅलिप्लॅटिन असेल तर बर्फ नकोच. त्या औषधामुळे गार लागलं की हात आणि घसा झिणझिणतो. त्यामुळे 'आम्हाला बर्फ चालेल का?' हे डॉक्टरांना आधी विचारायचं.

तोंडा-घशाच्या कॅन्सरसाठी रेडिएशन असेल तर गणित बदलतं. तिथे कमी शक्तीचा लेझर आणि बेन्झिडामिनच्या गुळण्या हे मान्य उपाय आहेत. तुमच्या हॉस्पिटलमध्ये लेझरची सोय आहे का, हे पहिल्याच भेटीत विचारा.

घरी काय कराल? ट्रीटमेंट सुरू व्हायच्या आधी डेंटिस्टला दाखवा. किडलेला दात नंतर महागात पडतो. एकदम सॉफ्ट ब्रश आणा. कपभर कोमट पाण्यात पाव चमचा खायचा सोडा आणि त्याच्या निम्मं मीठ घालून दर तीन-चार तासांनी गुळण्या. तोंड 'फ्रेश' करणारे, अल्कोहोलवाले माउथवॉश बंद. तंबाखू, सिगरेट तर सोडाच. ताटातून ठेचा, लोणचं, पापड हद्दपार; मऊ भात, पेज, गार दही यांना एन्ट्री. सगळं कोमट किंवा गार. आणि ताप १००.४ च्या वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, हॉस्पिटलला लगेच फोन.

आपल्या आई-बाबांची पिढी तक्रार करत नाही. 'भूक नाही रे' म्हणून ताट सरकवतात आणि आपण समजतो, केमोमुळे असेल. तेव्हा ऑफिसमधून कितीही उशिरा आलात तरी मोबाइलचा टॉर्च लावा आणि सांगा, 'आ कर बघू!' लहानपणी त्यांनी आपल्याला हेच सांगितलं होतं ना? आता पाळी आपली.