पडद्यावरचे विज्ञान आणि हातातली काडी

मार्च २०२० मध्ये शाळांना टाळे लागले आणि शिक्षण मोबाइलच्या पडद्यावर आले. शाळा पुढे उघडल्या. पडदा मात्र कायम राहिला. ग्रामीण शाळांतील विज्ञानशिक्षणाचा प्रश्न या पडद्यामुळे सुटेल, असा समज आता रूढ होऊ पाहत आहे. तो तपासून घेणे अगत्याचे आहे.

या संदर्भात अरविंद गुप्ता यांचे कार्य उद्बोधक आहे. आयआयटी कानपूरचे हे अभियंते पुण्याच्या टेल्को कारखान्यात नोकरीस होते. १९७८ मध्ये रजा घेऊन ते होशंगाबादच्या विज्ञानशिक्षण उपक्रमात गेले आणि आगपेटीच्या काड्या व सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून भूमितीचे आकार घडवू लागले. पुढे पुण्याच्या 'आयुका'तील मुलांच्या विज्ञानकेंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले. टाकाऊ वस्तूंपासून केलेल्या खेळण्यांच्या त्यांच्या चित्रफिती आज मराठीतही विनामूल्य उपलब्ध आहेत.

एकदा तयार झालेली चित्रफीत आणखी एका मुलाने पाहिली, तर खर्च जवळजवळ वाढत नाही आणि इतरांचा वाटाही कमी होत नाही. परंतु त्यामुळे टंचाई संपली असे नव्हे. तिने केवळ जागा बदलली. धुळे-सोलापूर महामार्गावरील वडीगोद्रीसारख्या गावात चित्रफीत पोचते. टंचाई असते ती शिक्षकाच्या वेळेची, हाताळावयाच्या साहित्याची आणि अनेक घरांत एकुलत्या असलेल्या, वडिलांबरोबर शेतावर जाणाऱ्या मोबाइलची.

चार काड्या नळीच्या तुकड्यांनी जोडून चौकोन केला, तर बोटाच्या दाबाने तो कलतो; त्रिकोण मात्र कलत नाही. विजेच्या मनोऱ्यात आणि कारखान्याच्या छपरात त्रिकोण का असतात, हे मुलाला त्या क्षणी उमगते. तीस काड्यांचे वीस त्रिकोण जुळले की डोळ्यांना सुखावणारा एक गोलसर आकार उभा राहतो. तो विज्ञान की कला, हा प्रश्न मुलाला पडत नाही, वेळापत्रकाला पडतो. चित्रकला, कार्यानुभव आणि विज्ञान यांचे तास आपण वेगळे ठेवतो. उलट 'आयुका'च्या आवारात वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी फूकोचा लंबक आणि आर्यभटापासून आइनस्टाइनपर्यंतचे पुतळे यांना वास्तुरचनेतच स्थान दिले. तेथे जे सामावले, ते आपल्या शाळेत का सामावू नये?

अडचण हिशेबाचीही आहे. दूरदर्शन संच 'डेड स्टॉक'च्या नोंदवहीत कायम दाखवता येतो. काड्या वापरल्या की संपतात. जे संपते त्यावरील खर्च आपल्या व्यवस्थेला उधळपट्टी वाटतो, वास्तविक शिक्षण त्या संपण्यातच घडत असते.

म्हणून मागणी मोठी नाही. चित्रफीत आधी शिक्षकाने पाहावी, आणि मुलाच्या हाती वस्तू द्यावी. संपणाऱ्या साहित्यासाठी प्रत्येक शाळेला दरवर्षी स्वतंत्र तरतूद मिळावी आणि आठवड्यातून एकदा कला व विज्ञान यांचा जोडतास असावा. पडदा गावोगाव पोचवण्याचे काम बाजारपेठ करीतच आहे. आगपेटी वर्गात पोचवण्याचे काम मात्र शासनालाच करावे लागेल.