डुकरांची गाडी आली आणि गेली

येरवड्यात डुकरं पकडायची गाडी आली की दोन गट पडतात. एक म्हणतो, बरं झालं, घाण गेली. दुसरा म्हणतो, आमच्या पोटावर पाय दिला. मला दोघांशीही भांडायचं नाही. पण २०२२ च्या अखेरीस शेजारच्या वडगाव शेरीत एका लहान मुलाला जपानी मेंदूज्वर झाल्याचं निघालं, तेव्हापासून हा नुसता घाणीचा विषय राहिलेला नाही.

हा विषाणू मुळात बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत असतो. क्युलेक्स डास तो डुकरांपर्यंत आणतात. डुक्कर सहसा आजारी दिसत नाही, पण त्याच्या रक्तात विषाणू भरमसाट वाढतो. मग तेच डास आपल्या पोरांना चावतात. माणसाकडून माणसाला हा आजार जात नाही, डुकराचं मटण खाऊनही होत नाही. त्यामुळे डुक्करवाल्यांना शिव्या घालून काही साधणार नाही. लागण झालेल्या बहुतेकांना कळतही नाही. पण ज्यांचा मेंदू सुजतो, त्यातले शंभरात तीसपर्यंत दगावतात. वाचलेल्यांपैकी कित्येकांना झटके, लुळेपणा जन्मभर पुरतो. यावर खास औषध नाही. लस आहे.

आता त्या गाडीचं. एकदा लागण होऊन गेलेलं डुक्कर सहसा पुन्हा विषाणू वाढवत नाही, धोका नव्या पिल्लांचा. गाडी येणार कळलं की मालक माद्या लपवतात (मीही लपवल्या असत्या), आणि काही महिन्यांत गल्लीत पुन्हा पिल्लंच पिल्लं. मग कारवाई करून मिळवलं काय?

त्यापेक्षा डुकरांची नोंद करा, मालकांना वस्तीपासून लांब जागा द्या, पावसाळ्यात डुकरांचं रक्त तपासा आणि निकाल प्रभागवार जाहीर करा. एनआयव्ही पुण्यातच आहे, काही लांब जायचं नाही. आणि नदीतली जलपर्णी वेळेत काढा. फेब्रुवारी २०२४ मध्ये केशवनगर-खराडीच्या बाजूला नदीवर उठलेलं डासांचं वादळ सगळ्या देशाने मोबाइलवर पाहिलं!

१ मार्च २०२५ पासून पुण्यात १ ते १५ वर्षांच्या मुलांसाठी या लसीची मोहीम झाली. आमच्या चाळीतल्या दोघीतिघींनी शाळेचा फॉर्म 'नको' लिहून परत पाठवला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "जपानचा आजार, इथे कशाला येतोय?" पोराचं लसीचं कार्ड काढून त्यात 'जेई' लिहिलंय का बघा. नसेल तर पालिकेच्या दवाखान्यात विचारा.

आणि तुमच्या गल्लीत कुणी डुकरांचं रक्त तपासायला आलं होतं का? आलं असेल तर कमेंटमध्ये जरूर लिहा.