बंदरं मोजू नका!

परवा रात्री न्यू जर्सीहून दादाचा फोन आला. पुढच्या वर्षी आई-बाबांच्या लग्नाला ५० वर्षं होतायत. दोघांना क्रूझवर पाठवायचं हे आमचं केव्हाच ठरलंय, त्यात वाद नाही. वाद आहे तो कुठली बोट, कुठली खोली आणि कुठला मार्ग यावरून. दादाने भूमध्य समुद्रातली सात रात्रींची सहल शोधलीय. "सात रात्रींत सहा बंदरं! आणि खिडकी नसलेली आतली केबिन घेतली की किती स्वस्तात पडतं बघ. खोलीत काय, झोपायलाच तर जायचं." मी म्हटलं, हे घेऊ नकोस. तर म्हणतो, "तू डोंगरात राहतोस, तुला समुद्रातलं काय कळतंय?"

मुद्दा बरोबर आहे. मी क्रूझच्या बोटीवर पाऊलही ठेवलेलं नाही. पण मी त्र्यंबकेश्वरला राहतो आणि कुशावर्तामागच्या गल्लीत आमचं आठ खोल्यांचं यात्री निवास आहे. म्हणजे दादा ज्याला 'बंदर' म्हणतो ना, ते बंदर मी आहे. लोक उतरतात, धावतात, चढतात आणि निघून जातात, हे मी रोज दारात उभा राहून बघतो.

आमच्याकडे शिर्डी, शनिशिंगणापूर आणि त्र्यंबक एकाच दिवसात उरकणाऱ्या गाड्या येतात. चालक खाली उतरताच सांगतो, "दोन तासांत परत या." मग दर्शनाच्या रांगेतच दोन तास जातात. गाभाऱ्यापाशी क्षणभर थांबायला मिळतं. त्या खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगं आहेत, ब्रह्मा, विष्णू, महेश, हे कळायच्या आत मागून धक्का येतो. कुशावर्तात पाय बुडवायचे, पेढे घ्यायचे आणि पळायचं. ब्रह्मगिरी नुसता मान वर करून बघायचा, गंगाद्वाराच्या पायऱ्यांचं तर नावच नको. निवृत्तिनाथांची समाधी याच गावात आहे हे कित्येकांना नाशिकला पोचल्यावर कळतं. पण घरी गेल्यावर म्हणतात, "त्र्यंबक झालं!"

काय झालं हो? काहीही झालेलं नसतं. यादीतली एक ओळ खोडली, एवढंच.

आता दादाच्या सहा बंदरांकडे बघा. माहितीपत्रकात लिहिलंय 'रोम'. बोट रोमला जातच नाही. ती लागते चिवितावेक्कियाला, आणि तिथून रोम सुमारे ७५ किलोमीटर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो, तिथूनही तेवढाच प्रवास किंवा थोडा जास्तच. उत्तरेकडच्या सहलींत 'पॅरिस' लिहितात आणि बोट उभी राहते ल हाव्रला, २०० किलोमीटरवर! सकाळी बोट लागणार, बस पकडायची, जाऊन-येऊन तीनेक तास बसमध्ये, आणि बोट सुटण्याच्या बरंच आधी परत चढायचं. उशीर झाला तर स्वतःहून फिरायला गेलेल्यांसाठी बोट थांबत नाही. ७६ वर्षांचे बाबा आणि गुडघे धरून चालणारी आई, आणि हा उद्योग सात दिवसांत सहा वेळा! दादा, ही सहल नाही, शिक्षा आहे.

तर माझं म्हणणं असं, की आपण क्रूझ उलटी निवडतो. आधी बंदरं मोजतो, मग बोटीचा आकार बघून हरखतो आणि शेवटी पैसे वाचवायचे म्हणून खोली कापतो. म्हाताऱ्या माणसांसाठी तरी हे बरोब्बर उलटं हवं.

खोलीचं सांगतो, कारण तो माझा धंदा आहे. दादाला जो सर्वात कमी दर दिसतोय, तो 'गॅरंटी' केबिनचा आहे. यात गॅरंटी फक्त प्रकाराची असते. कुठली खोली मिळणार ते कंपनी ठरवणार, तुम्ही नाही. आता खरं सांगतो, रागावू नका. जो पाहुणा खोली सांगून ठेवत नाही, त्याला मीसुद्धा जिन्याखालची खोली देतो. कुणाला तरी द्यावीच लागते ना! बोटीवरही अशा खोल्या असतात. कुठली जलतरण तलावाच्या खाली, तिथे पहाटे वर खुर्च्या सरकवल्याचा आवाज. कुठली नाचगाण्याच्या हॉलवर, कुठली अगदी नाकाशी किंवा शेपटाशी.

एस.टी.त मागच्या सीटवर बसून कधी जव्हारच्या घाटातून गेलायत? आणि मधल्या सीटवर बसून? बोटीचंही तसंच. पुढचं आणि मागचं टोक वरखाली होतं, मध्यभाग त्यामानाने शांत. वरच्या मजल्यांवर डुलणं जास्त, खाली कमी. मोठ्या बोटींना दोन्ही बाजूंनी पंख असतात, ते आडवं डोलणं कमी करतात, पण टोकांचं वरखाली होणं त्यांनी थांबत नाही. म्हणून ज्याला बोट लागते त्याने खालच्या मजल्यावरची, मधोमध असलेली खोली घ्यावी, वर आणि खाली दोन्हीकडे खोल्याच असतील अशी. आणि खिडकीची घेताना नकाशा बघावा. काही खिडक्यांसमोर जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात. पैसे खिडकीचे आणि दर्शन होडीच्या पोटाचं!

आता आकार. २०२४ साली फिरायला लागलेल्या 'आयकॉन ऑफ द सीज'वर जास्तीत जास्त ७,६०० प्रवासी मावतात, वर दोनेक हजार कर्मचारी. म्हणजे जवळजवळ आख्खं त्र्यंबक गाव एका बोटीत! जेवायला रांग, लिफ्टला रांग, उतरायला रांग. खोलीपासून जेवणघरापर्यंत चालता चालता आईची अर्धी शक्ती जाईल. त्यापेक्षा २०२१ साली मुंबईहून फिरायला लागलेली 'एम्प्रेस' बघा. १९९० साली बांधलेली, साधारण १,८०० प्रवाशांची. जुनी आहे, गॅलऱ्या थोड्याच, घसरगुंड्यांचा थाट नाही. पण आई-बाबांना घसरगुंडी कशाला हवीय?

तरुणांना माझं हे लागू नाही. पंचविशीतली चार पोरं आतल्या खोलीत झोपून सहा बंदरं पळत बघणार असतील तर खुशाल बघोत. दादाचीही बाजू आहे. त्याला इथे यायला रजा मिळत नाही, बार्सिलोनाला तो आणि वहिनी येऊन भेटू शकतात. ते दोघांना हवंही आहे. मग भूमध्यच घे ना! पण तीन-चार बंदरांची घे, ज्यात दोन दिवस बोट नुसती समुद्रात असते. ज्या बंदरात बोट धक्क्याला न लागता छोट्या होडीतून उतरवतात, ते आधी विचारून घे. हलत्या होडीत पाय टाकणं गुडघेदुखीच्या माणसाचं काम नव्हे.

हे आईला विचारलं तर ती हसली. तिचं माहेर हर्णैचं. लहानपणी मुंबईहून कोकण बोटीने जायची. हर्णैला बोट समुद्रातच उभी राहायची आणि माणसं पडावातून किनाऱ्याला. तो पडाव, ते खारं पाणी, समोरचा सुवर्णदुर्ग, हे सगळं तिला अजून जसंच्या तसं आठवतं. मग लग्न होऊन इथे आली, गोदावरीच्या उगमाशी. इथून पश्चिमेला समुद्र अवघा ८० किलोमीटर, पण आमची गंगामाई मात्र १,४६५ किलोमीटर चालून पूर्वेच्या समुद्राला मिळते. आईचंही तसंच झालं म्हणायचं. समुद्र जवळ असून लांब राहिला.

परवाच्या फोनच्या वेळी ती शेजारीच बसली होती. रोम, फ्लॉरेन्स, बार्सिलोना सगळं ऐकलं. फोन ठेवल्यावर तिने एकच विचारलं, "खोलीला खिडकी असेल ना रे?"

दादा, तू हे वाचतोयस हे मला माहितीय. दोन बंदरं कमी कर आणि तेवढ्या पैशांत खिडकी घे. मधोमध, खालच्या मजल्यावर, समोर होडी नसलेली. नकाशा मी बघून ठेवलाय. आज रात्री फोन कर.