पिसांचा डबा आणि आईचा फ्रीजर

मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट नद्यांत मासेमारी बंद असते. माशांचा विणीचा हंगाम. आमची वैनगंगाही या दिवसांत अशी फुगलेली आणि गढूळ असते की बंदी नसती तरी कोणी शहाणा माणूस काठावर गेला नसता. मग गळ टाकणाऱ्याने दोन महिने करायचं काय? घरी बसून टेबल आवरायचं.

इंग्लंड-अमेरिकेतली मंडळी हेच काम हिवाळ्यात करतात. तिकडे घरात हीटर चालू, हवा खडखडीत कोरडी. आपण आवरायला बसतो तेव्हा भिंतींना ओल आलेली असते, पापड सादळलेले असतात आणि कपाट उघडलं की कुबट वास येतो. त्यामुळे तिकडचे व्हिडिओ बघून तसेच हवाबंद डबे आणून पिसं भरली तर काय होतं, ते मी गेल्या वर्षी पाहिलं. ते तुम्हाला सांगायचं आहे, विशेषतः तुमच्यापैकी ज्यांनी हा छंद नव्याने धरलाय त्यांना.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गळावर पीस, लोकर, दोरा, चकचकीत तार बांधून किड्यासारखी किंवा छोट्या माशासारखी दिसणारी वस्तू करतात, तिला फ्लाय म्हणतात. ती बांधायला एक छोटा शिकंजा लागतो, त्यात गळ पकडायचा आणि दोन्ही हात मोकळे ठेवून दोऱ्याचे वेढे द्यायचे. सोनाराचं काम आणि आजीचं भरतकाम यांच्या मधलं काहीतरी. माझ्या बाबांना बँकेतून निवृत्त झाल्यावर हे वेड लागलं. टोरांटोच्या पुतण्याने त्यांना शिकंजा आणि दहा-बारा पाकिटं आणून दिली होती, बाकी सगळं त्यांनी बालाघाटात जमवलं. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले आणि टेबल माझ्याकडे आलं.

पहिल्या पावसाळ्यात मी ते उघडलंच नाही. मन झालं नाही. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये उत्साहाने नवे हवाबंद डबे आणले, बाबांची सगळी पिसं त्यात नीट रंगवार लावली, झाकणं घट्ट बसवली. जुलैअखेर उघडलं तर एका डब्यात पांढरी बुरशी आणि दुसऱ्यात पिसांच्या नुसत्या काड्या. तळाशी तपकिरी भुकटी आणि दोन केसाळ अळ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या. म्हणजे मी दमट पिसं डब्यात कोंडली आणि चोरालाही आतच ठेवून कुलूप लावलं.

या अळ्या एका बारक्या भुंगेऱ्याच्या असतात. लोकर, केस, पीस, रेशीम, शिंग या सगळ्यांत केराटिनसारखी प्रथिनं असतात आणि फार थोड्या जिवांना ती पचतात, त्यांतल्या या अळ्या आणि दुसरी आपली जुनी ओळखीची कसर. मोठा झालेला भुंगेरा मात्र निरुपद्रवी, फुलांवर परागकण खात बसतो. तो खिडकीतून किंवा देवाच्या फुलांबरोबर घरात येतो, अंडी घालतो आणि निघून जातो. नुकसान पोरं करतात.

यानंतर मी टेबल लावायची रीतच बदलली. सगळे सांगतात, रंगानुसार लावा, नाहीतर आकारानुसार लावा. मी आता शत्रूनुसार लावतो. ज्याला कीड खाते ते एकीकडे, ज्याला गंज खातो ते दुसरीकडे, ज्याला ऊन खातं ते तिसरीकडे. हे एकत्र ठेवलं की एकाच्या औषधाने दुसऱ्याचा जीव जातो. डांबरगोळ्यांचंच बघा. पिसांसाठी ठेवलेल्या गोळ्यांच्या वाफेने काही प्रकारचं स्वस्त पारदर्शक प्लॅस्टिक मऊ पडून चिकट होतं. माझा मण्यांचा एक डबा असाच गेला. शिवाय त्या विषारी असतात, घरात लहान मूल असेल तर नकोतच. आणि उघड्या खणात चार गोळ्या टाकून वासाशिवाय काहीही मिळत नाही, वाफ कोंडली तरच कीड मरते. कडुनिंबाचा पाला, वेखंड, लवंगा हे आजीचे उपाय मी अजून करतो, पण त्यांनी बाहेरची कीड फार तर बिचकते. आत शिरलेली अळी आरामात जेवत राहते.

पिसांवर खरा उपाय थंडी. आणि इथेच आमच्या घरात महाभारत झालं.

गावठी कोंबड्याच्या मानेची पिसं चिकनवाल्याकडे फुकट मिळतात, तो उलट खूश होतो. ती घरी आणून भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवायची, दोन-तीनदा स्वच्छ पाण्यातून काढायची, जुन्या पंचावर सावलीत पसरायची. पावसाळ्यात पंख्याखाली दोन दिवस, वर हेअर ड्रायरचा हलका वारा. पीस ओठाला लावून बघा. गार लागलं तर अजून ओलं आहे. पूर्ण वाळल्यावर झिपच्या पिशवीत घालून, हवा काढून, फ्रीजरमध्ये किमान दोन आठवडे. मग बाहेर काढायची, पण पिशवी लगेच उघडायची नाही. घाम बाहेरच्या बाजूला धरला पाहिजे, आतल्या पिसांवर नाही. दोन-तीन दिवसांनी पुन्हा एकदा फ्रीजरमध्ये. थंडीतून वाचलेली एखादी अंडी उबेत फुटली तर दुसऱ्या फेरीत ती अळी सापडते.

आता आमचं घर शाकाहारी. बाबा गळ टाकायचे ते पकडून सोडून द्यायला, त्यावरही आई त्यांना बोलायची की त्या बिचाऱ्याच्या तोंडाला छिद्र पाडून वर उपकार कसले. श्रावणात तिने फ्रीजर उघडला आणि मटारच्या पिशवीशेजारी कोंबड्याची मान, म्हणजे मानेची पिसं.

"हे काय आहे रे?"

"आई, पिसं आहेत. धुतलेली."

"धुतलेली म्हणजे काय झालं? उपासाचे दिवस आहेत. तुझ्या बाबांनी इतकी वर्षं हे केलं, कधी माझ्या फ्रीजला हात लावला नाही."

आणि तिथे मी गप्प झालो. कारण खरंच, बाबांची काही पिसं सात-आठ वर्षं टिकली होती आणि फ्रीजर न वापरता. नंतर त्यांच्या वहीत उत्तर सापडलं. ते दर अमावास्येला सगळी पाकिटं उघडून, उन्हं असतील तर उन्हात हलवून, झटकून परत ठेवायचे. भुंगेऱ्याच्या अळीला अंधार आणि शांतता लागते. जे सतत हाताळलं जातं त्यात ती टिकत नाही. मी महागडे डबे आणले आणि वर्षभर हात लावला नाही, तिथेच सगळं चुकलं. (अमावास्या का, ते वहीत नाही. बहुधा लक्षात राहायला सोपी म्हणून.)

बाकीच्या गोष्टी मानाने सोप्या. गळांना गंज लागतो, त्यांच्या डबीत सिलिका जेलची पुडी टाकायची. नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती. रंग बदलणारी असेल तर ओल प्यायली की कळतं, मग तापवून पुन्हा वापरायची. मिठाच्या डबीत टाकतो तसे तांदूळ टाकू नका, त्यांना पोरकिडे होतात, आणि २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आमचा चिन्नोर तर मुळीच नको, तो पाहुण्यांना वाढा. गळाचा नंबर डबीवर लिहाच, कारण हा हिशेब उलटा चालतो, सोळा नंबरचा गळ आठ नंबरापेक्षा लहान. वापरलेला गळ कोरडा झाल्याशिवाय नव्यांत मिसळायचा नाही, एका गंजलेल्यामुळे सगळी डबी जाते. दोऱ्याच्या रिळांना उजेडापासून लांब ठेवायचं. मण्यांसाठी मसाल्याचा जुना डबा उत्तम, सात वाट्या आणि एक झाकण. पण एकदा तो टेबलावर आला की स्वयंपाकघरात परत जाणार नाही, कारण फ्लाय जड करायला शिशाची तार वापरतात आणि शिसं पोटात जाता कामा नये. हात धुवा.

हाताशी काय ठेवायचं हे वारासिवनीच्या एखाद्या विणकराकडे बसून बघावं. मागावर बसलेला माणूस पुढच्या कांडीसाठी उठत नाही आणि बघतही नाही, हात आपोआप जातो. माझ्या टेबलावर आता फक्त कात्री, दोरा, चिमटा आणि आज जी फ्लाय बांधायची तिचंच सामान असतं. बाकी सगळं कपाटात.

आता चिठ्ठ्यांबद्दल. यासाठी एक गोष्ट सांगायला हवी, ती इंग्लंडमधली आहे.

एकोणिसाव्या शतकात तिकडे सॅमन माशासाठी फार नटव्या फ्लाय बांधायची टूम निघाली. जगभरातल्या पक्ष्यांची पिसं त्यात लागत. आपल्या करड्या रानकोंबड्याच्या मानेची, मेणाच्या ठिपक्यांसारखी चमकणारी पिसं त्यांना फार प्रिय होती. 'इंडियन क्रो' नावाचंही एक पीस होतं, पण तो कावळाही नव्हे आणि भारतातलाही नव्हे, दक्षिण अमेरिकेतला पक्षी. अशा फ्लाय बांधणारे हौशी लोक आजही आहेत. त्यांतल्या एका विशीतल्या संगीताच्या विद्यार्थ्याने जून २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंग गावच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाची खिडकी फोडली आणि सुटकेसमध्ये २९९ पक्ष्यांची कातडी भरून नेली. त्यांत आल्फ्रेड रसेल वॉलेसने मलाया द्वीपसमूहातून गोळा केलेले पक्षीही होते. वॉलेसने १८५४ ते १८६२ अशी आठ वर्षं त्या बेटांवर काढली, मुंग्यांनी त्याला हैराण केलं, तरी पक्षी कुठे आणि कधी मिळाला याची नोंद त्याने ठेवली.

चोर सापडला. १७४ पक्षी अखंड परत मिळाले, पण त्यांतल्या फक्त १०२ जणांच्या पायाला मूळ चिठ्ठी शिल्लक होती. बाकीच्यांच्या कापून टाकल्या होत्या. पक्षी तोच, पिसं तीच, रंग तोच. पण कुठला, कधीचा हे गेलं की अभ्यासकाच्या दृष्टीने तो फक्त एक सुंदर मेलेला पक्षी उरतो.

बाबांच्या कपाटात असंच झालं. काही पाकिटांवर त्यांच्या बारीक अक्षरात चिठ्ठ्या आहेत. एकावर लिहिलंय, "आजोळचा कोंबडा. होळीनंतर. पाण्यात काळा दिसतो." या तीन वाक्यांत मला सगळं मिळतं. त्याच पिसाची फ्लाय घेऊन मी मरळ पकडला आणि सोडला. काही पाकिटांवर मात्र काहीच नाही. त्यांतल्या एकात निळी पिसं होती. रंगवलेली असतील, नीलकंठाची असतील, माहीत नाही. बाबांनी पक्षी मारला नसता हे मला पक्कं ठाऊक आहे. पण आमच्या जिल्ह्यातच कान्हाचं मुक्की गेट आहे, आणि रानातल्या पक्ष्याचं पीस सापडलं म्हणून उचलून घरी ठेवणं हा कायद्यात न बसणारा उद्योग आहे. मोराच्या पिसाऱ्यातल्या, आपोआप गळलेल्या पिसांना तेवढी देशात सूट आहे, परदेशी न्यायला मात्र बंदीच. टोरांटोचा पुतण्या दरवेळी विचारतो, "काका, दोन-चार मोरपिसं आणा ना, इथे फार महाग आहेत." नाही आणणार, बाळा. विकतच घे, पावती असलेली.

ती निळी पिसं दोन आठवडे टेबलावर होती. ठेवावीत तर उत्तर देता येत नाही, फेकावीत तर बाबांच्या हातची. आई म्हणाली, "त्यांनी लिहून ठेवलं नाही म्हणजे त्यांनाही सांगायचं नसेल." शेवटी अंगणात पारिजातकाखाली पुरली.

आता प्रत्येक पाकिटात मी चिठ्ठी घालतो. पिशवीच्या आत, बाहेर चिकटवलेली ओलीत सुटते. पेन्सिलने, कारण शाई पसरते. काय, कुठून, कधी, आणि धुतलं-गोठवलं त्याची तारीख.

तुमच्या गावच्या तलावावर किंवा नदीवर गळ टाकायला जाण्याआधी तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेला विचारा, पाण्याचा ठेका बहुधा त्यांचा असतो. मध्य प्रदेशात महसीर २०११ पासून राज्यमासा आहे, मिळाला तर हात ओले करून धरा आणि लगेच सोडा.

फ्रीजरचा तंटा मिटला. एक कप्पा मला मिळाला, श्रावण सोडून. गेल्या आठवड्यात काहीतरी काढायला गेलो तर माझ्या पिशवीत माझ्या चिठ्ठीशेजारी आईच्या अक्षरात दुसरी चिठ्ठी होती, पेन्सिलने लिहिलेली: "हे भाजीत घालायचं नाही. तारीख बघून काढणे."