गोल्फ सिम्युलेटरच्या खोलीला परवानगी देण्यापूर्वी सुरक्षेच्या अटी घालण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष / सचिव,
व्यवस्थापक समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था

महोदय,

बी विंगमधील एका सभासदांनी सातव्या मजल्यावरील आपल्या खोलीत गोल्फ सिम्युलेटर बसवण्यासाठी अर्ज केला आहे. त्यांच्या खेळाला आमचा विरोध नाही. त्यांनी आपणहून आम्हांला खोली व आराखडा दाखवला, याबद्दल आम्ही आभारी आहोत. मात्र आराखडा पाहिल्यावर हे निवेदन देणे भाग पडले.

गोल्फचा चेंडू जेमतेम 46 ग्रॅमचा, पण टणक. हौशी खेळाडूने ड्रायव्हरने, म्हणजे गोल्फच्या लांब काठीने (क्लबने), मारला तरी तो ताशी 200 किलोमीटरच्या आसपास वेगाने सुटतो. आराखड्यात सिम्युलेटरचा पडदा, ज्यावर चेंडू मारला जातो, थेट शेजाऱ्यांशी सामाईक असलेल्या भिंतीला टेकवला आहे. मागे जागा नसली की चेंडू उसळून खेळणाऱ्याच्याच अंगावर येतो आणि दणका पलीकडच्या बेडरूमपर्यंत पोचतो. म्हणून पडद्यामागे किमान एक फूट मोकळे ठेवावे, पडदा इलास्टिक दोऱ्यांनी किंचित सैल टांगावा आणि चौकटीचे पाइप जाड फोमने झाकावेत.

आमची खरी काळजी उजव्या बाजूची आहे. चेंडू क्लबच्या दांडीजवळ लागला, की तो उजवीकडे भलत्याच कोनात उडतो. नवशिक्यांच्या हातून हे हमखास होते. नेमकी तिथेच सरकत्या काचेची खिडकी आहे आणि खाली आमची मुले संध्याकाळी खेळतात. खिडकीला साधा पडदा लावण्याची तयारी अर्जदारांनी दाखवली आहे, पण त्याने काच वाचणार नाही. दोन्ही बाजूंना गोल्फची जाळी हवी, तीही काचेपासून हातभर अंतरावर. काचेला चिकटलेली जाळी चेंडू अडवत नाही.

खोलीची उंची नऊ फूट आणि ड्रायव्हर पावणेचार फुटांचा. उंच माणसाचा पूर्ण फटका छताला लागू शकतो आणि छतात अग्निशमनाचा स्प्रिंकलर आहे. त्याला लोखंडी गार्ड बसवावा; स्प्रिंकलर फोमने झाकू देऊ नये. घरातील सर्वांत उंच खेळाडूने चेंडूविना सावकाश क्लब फिरवून समितीला दाखवावे. क्लब छताजवळ जात असल्यास ड्रायव्हर वापरू नये. फोम व जाळी अग्निरोधक असावी, खाली जाड मॅट असावी आणि रात्री नऊनंतर खेळ बंद असावा.

उपविधींनुसार असे बदल समितीच्या लेखी परवानगीशिवाय करता येत नाहीत. वरील अटी त्या परवानगीपत्रातच नमूद कराव्यात आणि समितीची पाहणी होईपर्यंत फक्त फोमचे चेंडू वापरण्यास सांगावे, ही विनंती. येत्या मासिक सभेत निर्णय घेऊन आम्हांला लेखी कळवावे.

आपले,
बी विंगमधील रहिवासी